घोड्याची लीद शेतात: इंग्लंडची रीत आणि खान्देशची माती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सारंगखेड्याची यात्रा उलगली की लिदीबद्दलचे प्रश्न सुरू होतात. दत्तजयंतीपासून पुढे तापीकाठी घोडेबाजार भरतो, जागोजागी लिदीचे ढीग साचतात, आणि शहादा-शिरपूरकडचा कुणीतरी ट्रॉली लावून विचारतो, "हे वावरात टाकलं तर चालेल का?" त्यातच मोबाईलवर इंग्रज माळी लिदीत वाढवलेले टोमॅटो नि गुलाब दाखवतात. तिथलं पाहून इथं करावं का, हाच बहुतेक प्रश्नांचा गाभा असतो. म्हणून तुलनेसाठी इंग्लंडच घेतलं आहे.

लीद आणि शेणखत यांत फरक काय?

गाय-म्हैस रवंथ करते. चार पोटांतून गेलेला चारा बारीक होऊन बाहेर पडतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं आंबवण्याचं काम मागच्या मोठ्या आतड्यात चालतं आणि तेही अर्धवट. त्यामुळे लिदीत काडी दिसते, ती भुसभुशीत असते, पाणी कमी असतं आणि हवा खेळती राहते. हवा असल्यामुळे ढीग लवकर तापतो. दोन-तीन दिवसांत आतलं तापमान 55 ते 65 अंशांवर जाऊ शकतं. शेणाचा ओला गोळा इतक्या लवकर पेटत नाही.

दुसरा फरक बियांचा. घोड्याच्या पोटातून तणाचं बी बऱ्याच प्रमाणात जिवंत बाहेर येतं. विलायती बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या जनावराची ओली लीद बांधावर टाकली, तर पुढच्या पावसाळ्यात बांधावर काय उगवेल ते सांगायला नको.

एक घोडा वर्षाला किती खत देतो?

साडेचारशे किलो वजनाचा घोडा लीद आणि मूत्र मिळून दिवसाला वीस-बावीस किलो देतो. आपल्याकडचे वरातीचे घोडे, तट्टू याहून हलके, तेव्हा पंधरा ते अठरा किलो धरा. त्यात खाली अंथरलेलं काड-भूस मिसळलं की वर्षाला सहा-आठ टन ओला माल होतो. कुजल्यावर वजन जवळपास निम्मं होतं, म्हणजे हातात तीन ते चार टन.

आता हिशेब करा. कोरडवाहू कपाशीला एकरी दोन टन चांगलं खत द्यायचं म्हटलं, तर एक घोडा दीड-दोन एकराला पुरतो. केळीचं गणित वेगळं. दीड बाय दीड मीटरवर एकरी सुमारे 1,800 खोडं बसतात, आणि झाडाला दहा किलो शेणखत ही नेहमीची शिफारस धरली तर अठरा टन लागतात. म्हणजे रावेर-यावलच्या एका एकर केळीला पाच-सहा घोड्यांची वर्षभराची लीद. केळीवाल्याने लिदीवर शेती उभी करण्याचं स्वप्न पाहू नये. शेणखतात मिसळायला मात्र ती उत्तम.

मग इंग्लंडात ती इतकी मुबलक कशी?

कारण तिथे घोडे मुबलक आहेत. ब्रिटन आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान, पण तिथे घोडे सात-आठ लाखांच्या घरात. 2019 च्या पशुगणनेत अख्ख्या भारतात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3.4 लाख भरले, आणि 2012 च्या तुलनेत ही संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. टांगा गेला, बोजा वाहणारं तट्टू गेलं. उरली ती वरात, शर्यत, यात्रा आणि मेंढपाळांचं बिऱ्हाड.

त्याहून मोठा फरक मालकीचा. तिकडचा घोडेवाला बहुधा शेतकरी नसतो. हौसेने घोडा पाळतो, जवळ थोडं कुरण असतं, आणि लिदीचा ढीग ही त्याची डोकेदुखी असते. पैसे देऊन ढीग उचलून न्यायला लावणारे आहेत. रस्त्याकडेला पोती भरून फुकट किंवा नाममात्र दराने ठेवणारेही आहेत. आपल्याकडे खताची ट्रॉली विकत घ्यावी लागते, आणि लग्नसराई संपेपर्यंत घोडीवाला भावात घासाघीस करतो. तिकडे सगळा विचार "हे कमी कसं करू" या अंगाने चालतो आणि आपला "हे पुरवू कसं" या अंगाने. तिथले सल्ले ऐकताना हे ध्यानात असू द्या.

इंग्लंडात ही पद्धत जुनी आहे का?

हो. एकोणिसाव्या शतकात लंडनचा सगळा गाडा घोड्यांवर चालायचा. टेम्स नदीतून शिडाच्या सपाट नावा एसेक्सच्या शेतांवरून गवत-कडबा भरून लंडनला न्यायच्या आणि परतताना तबेल्यांची लीद भरून त्याच शेतांवर आणायच्या. चारा गेला, खत आलं. पॅरिसभोवतालचे भाजीवालेही ताज्या लिदीचे जाड थर रचून, वर माती घालून, त्या उष्णतेवर ऐन थंडीत मुळ्यासारख्या कोवळ्या भाज्या काढायचे. बटन अळिंबीची शेतीही लिदीवरच वाढली.

उलट दिशेचंही एक देणं आहे. इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरला होते. तिथल्या शेतकऱ्यांच्या रीती पाहून त्यांनी काडीकचरा, शेण, माती आणि मूत्रमाती थराथराने रचून कुजवण्याची पद्धत बसवली. "इंदूर पद्धत" म्हणून ती इंग्लंडच्या बागांत पोचली. इंदूर आपल्या शिरपूरहून सेंधव्याचा घाट चढला की आलंच. तेव्हा कंपोस्ट ही विलायती विद्या आहे असं समजून कुणी दबून जायचं कारण नाही.

इंग्लंडची माती आणि आपली माती, लीद दोन्हीकडे सारखीच वागते का?

नाही. खरी तुलना इथेच आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

पाऊस पाहिला तर चकवा बसतो. पूर्व इंग्लंडात वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पडतो, म्हणजे धुळ्याच्या जवळपासच. पण तिथे तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि हवा गार असते. माती जवळपास कायम ओलसर. त्यामुळे टाकलेलं खत सावकाश कुजतं, सेंद्रिय कर्ब टिकून राहतो, आणि भीती असते ती नत्र धुपून विहिरी-नाल्यांत उतरण्याची.

आपल्याकडे तेवढाच पाऊस चार महिन्यांत उरकतो. पुढे आठ महिने कोरडे, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो. तापीकाठची काळी जमीन खोल आहे, चुनखडीची आहे, सामू (pH) 8 च्या आसपास किंवा वर. अशा उष्णतेत सेंद्रिय कर्ब भराभर जळतो. माती परीक्षणाच्या कागदावर कर्ब अर्ध्या टक्क्याखाली दिसला तर नवल वाटत नाही. शिवाय जस्त आणि लोह मातीत असूनही चुन्यामुळे पिकाला मिळत नाही. पानं पिवळी पडतात आणि आपण फवारण्या करत बसतो. कुजलेल्या खतातले पदार्थ ही जखडलेली अन्नद्रव्यं थोडी मोकळी करतात. माझ्या मते आपल्याकडे लिदीची किंमत नत्रापेक्षा या कामासाठी जास्त आहे.

एकदाच भरपूर टाकून पाच वर्षं निर्धास्त, हे तिथल्या थंडीत काही अंशी चालून जातं. इथे दर एक-दोन वर्षांनी थोडं थोडं देत राहणं हाच मार्ग.

खताची ताकद किती? युरिया सुटेल का?

इंग्लंडच्या शेतीखात्याच्या तक्त्यात काडमिश्रित घोडाखतात टनाला साधारण 5 किलो नत्र धरतात. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र असतं. म्हणजे चार टन खत बरोबर एक गोणी, तेही कागदावर. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं ते दहा टक्क्यांच्या आसपास असं तिथे धरतात. आपल्या उष्णतेत ते जास्त वेगाने मोकळं होतं, तरी केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्र लागतं हे लक्षात घेता युरिया लगेच सुटणार नाही. सुटतो असं सांगणारा बहुधा काहीतरी विकत असतो.

ओली लीद थेट वावरात टाकू का?

नको. कारणं चार.

हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. अर्धवट कुजलेल्या खतात भुंगे अंडी घालतात, आणि ऊस-भुईमुगात पुढे काय होतं ते शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्यांना विचारा. वाळवीचंही तेच. काडी जितकी कच्ची, तितकी तिला गोड. नंदुरबारकडे मिरचीच्या रोपांखाली ओली लीद भरून पुढे मर आली की दोष रोपवाटिकेला जातो.

तण. गाजरगवत, तांदुळजा, बाभळी सगळं त्यातून येतं.

नत्राची ओढाताण. लिदीत काड किंवा लाकडाचा भुसा जास्त असेल तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि पीक पिवळं पडतं. नुसत्या लिदीचं कर्ब-नत्र प्रमाण 25 ते 30 ला एक असतं, ते ठीक आहे. लाकडाच्या भुशाचं मात्र काही शेकड्यांत जातं. इंग्लंडात तबेल्यात भुसा अंथरायची चाल आहे, त्यामुळे तिथे ही तक्रार जुनी. आपल्याकडे बहुधा मातीची जमीन किंवा थोडं गव्हाचं काड, म्हणून आपली लीद त्यामानाने बरी.

आणि धनुर्वात. याबद्दल खाली.

कुजवायचं कसं? आमच्याकडे उन्हाळ्यात ढीग नुसता वाळून जातो.

इंग्रजी व्हिडिओतला ढीग उघड्यावर असतो, कारण वरून पाऊस येतच असतो. उलट तिथे फार ओला होऊ नये म्हणून ताडपत्री घालतात. इथे ताडपत्री घालायची ती ओल उडू नये म्हणून.

सारंगखेड्याची लीद डिसेंबर-जानेवारीत मिळते, हे आपलं नशीब. थंडीत ढीग रचला तर पाणी कमी लागतं आणि मृगाआधी खत तयार. जागा कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत बघा. खड्डा फूट-दोन फूट खोल, वर कमरेइतका ढीग. लिदीचा वीतभर थर, त्यावर केळीची सुकी पानं, सोयाबीन-हरभऱ्याचं भूस किंवा कुट्टी केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), त्यावर थोडी वावरातली माती आणि शेणकाला. केळीपट्ट्यात पानं आणि खोडं फुकट पडलेली असतात, ती जाळण्यापेक्षा इथे घाला. पऱ्हाटी कुट्टी करून तापलेल्या ढिगात गेली तर गुलाबी बोंडअळीचे कोषही मरतात. तशीच बांधावर रचून ठेवली तर पुढच्या हंगामाला तीच अळी हजर.

ओल ओळखायची ती मूठ दाबून: हात ओला व्हावा, पाणी गळू नये. दोन आठवड्यांनी पहिली पलटी, मग महिन्याने एक. पलटी महत्त्वाची, कारण बाहेरचा गार थर आत गेल्याशिवाय त्यातलं बी मरत नाही. बी मरायला ढीग 55-60 अंशांवर काही दिवस राहिला पाहिजे. लोखंडी सळई आत खुपसून ठेवा. पाच मिनिटांनी काढून हातात धरवली नाही तर काम चाललं आहे.

पलटीला सालदार नसेल तर नाडेप टाकी करा. पुसदच्या नाडेपकाकांनी बसवलेली दहा बाय सहा बाय तीन फुटांची जाळीदार विटांची टाकी लिदीला चांगली मानवते, कारण लीद मुळातच हवेशीर. तयार खताला जंगलातल्या मातीचा वास येतो. लिदीचा उग्र वास येत असेल तर थांबा.

गांडूळखत?

उत्तम होतं. गांडुळांना लीद फार आवडते. फक्त ढिगाची पहिली उष्णता निघून जाऊ द्या, नाहीतर गांडुळं शिजतील. घोड्याला नुकतंच जंतावरचं औषध पाजलं असेल तर ती लीद पहिले दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. आयव्हरमेक्टिनसारखी औषधं लिदीतून उतरतात आणि शेणकिड्यांना मारतात.

इंग्लंडात लिदीमुळे टोमॅटो वाकडे झाले म्हणतात, ते काय प्रकरण?

खरं आहे. 2008 च्या उन्हाळ्यात तिथल्या अनेक बागांत टोमॅटो, बटाटा, घेवड्याची पानं वळली, शेंडे गुंडाळले. कारण निघालं अमिनोपायरॅलिड हे तणनाशक. कुरणावर फवारलं, ते गवत जनावरांनी खाल्लं, औषध पोटातून न मोडता लिदीत उतरलं आणि कुजवल्यावरही पूर्ण गेलं नाही. त्या वर्षी तिथे त्याची विक्री थांबवली आणि पुढे कडक अटी घालून परत परवानगी दिली.

आपल्या शेतकऱ्याला हे लक्षण ओळखायला वेळ लागणार नाही. शेजारच्याने उसात किंवा बांधावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, वारा फिरला आणि कपाशीची पानं भेंडीसारखी झाली, हे खान्देशात कुणी पाहिलं नाही? दोन्ही औषधं पिकाच्या वाढीच्या संप्रेरकाचीच नक्कल करतात. टू-फोर-डी मातीत त्यामानाने लवकर मोडतं, हा दिलासा. तरीही लीद कुठून आली, घोडा काय खातो हे विचारा. ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, डोंगरातलं गवत असेल तर चिंता कमी. शंका असेल तर दोन कुंड्या भरा, एकीत लिदीखत मिसळलेली माती आणि दुसरीत साधी, दोन्हीत चवळी लावा. तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीची पानं वळली तर ती ट्रॉली कपाशीत, मिरचीत, वांग्यात जाऊ देऊ नका. भरताच्या वांग्याचं वावर अशा खताने बिघडवणं परवडणार नाही.

कायदा काय म्हणतो?

तिकडे बराच काही. नत्रप्रदूषणाच्या पट्ट्यांत जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी सरासरी 170 किलोपेक्षा जास्त नत्र देता येत नाही, एका तुकड्यावर 250 किलोची मर्यादा. विहीर-झऱ्यापासून 50 मीटरच्या आत ढीग घालायचा नाही. आणि लीद खत म्हणून ठरावीक जमिनीवर वापरली जाणार नसेल, तर ती कचरा धरली जाते.

आपल्याकडे स्वतःच्या वावरात टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. पिशव्या भरून, नाव छापून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश 1985 लागू होतो आणि परवाना घ्यावा लागतो. विहिरीपासूनचं अंतर मात्र कायदा नसला तरी पाळा. आपल्या गावांत उकिरडा आणि पाण्याची विहीर यांची जवळीक जरा जास्तच असते.

धनुर्वाताची भीती खरी आहे का? आणखी काही आजार?

खरी. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात सहज राहतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पायाला भेग, हातात काटा मोडलेला, आणि अनवाणी लीद पसरायची, हे नको. इंजेक्शन वेळेवर घ्या, गमबूट घाला. मजुरांनाही सांगा, त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरा आजार ग्लँडर्स. तो घोड्या-गाढवांना होतो, माणसालाही होऊ शकतो, आणि 2006 मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा दिसला होता. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी-फोड असलेल्या घोड्याची लीद आणि अंथरूण खतात घेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मेथी, कोथिंबीर, मुळा असं कच्चं खाल्लं जाणारं काही असेल तर पूर्ण कुजलेलंच खत द्या. ओलं खत आणि तोडणी यांत 120 दिवसांचं अंतर ठेवा, असा अमेरिकेतला सेंद्रिय शेतीचा नियम आहे. कोथिंबिरीचं पीकच दीड-दोन महिन्यांचं, म्हणजे ओली लीद तिला बाद.

मेंढ्या बसवतो त्यात घोडेही असतात. ते चालेल?

ठेलारी मेंढपाळांचे वाडे वावरात बसतात, तेव्हा बिऱ्हाड वाहणारी तट्टं सोबत असतात. लेंडी आणि मूत्र जागेवर पडतं, वखराची पाळी दिली की मातीआड होतं. त्यात दोन-चार घोड्यांची लीद म्हणजे किरकोळ. खुशाल बसवा. तट्टू बांधलेल्या जागी मात्र पुढे तण जरा जास्त दिसेल, ती जागा खुरपणीत लक्षात ठेवा.

खत कधी पसरायचं?

आपली जुनी चाल म्हणजे चैत्र-वैशाखात गाड्या खाली करून छोटे ढिगारे वावरभर ठेवायचे आणि पाऊस दिसला की विस्कटायचे. महिनाभर उन्हात पडलेल्या त्या ढिगाऱ्यातला अमोनिया उडून जातो आणि वरचा थर जळतो. बैलगाडीच्या जमान्यात दुसरा इलाज नव्हता. आता ट्रॉली आहे, तर खत मोठ्या ढिगातच झाकून ठेवा, पेरणीच्या तोंडावर पसरा आणि त्याच दिवशी वखर घाला.

कुंभार लीद मागतो, द्यावी की वावरात टाकावी?

माती मळताना तिच्यात लीद मिसळायची जुनी रीत आहे. भाजताना ती जळून जाते आणि भांडं हलकं, सच्छिद्र होतं. त्याला लागते ती दोन-चार पाट्या. द्या की.

नांगरणी न करता वरच्यावर लीद पसरण्याची विलायती पद्धत इथे चालेल का?

तिकडे शरद ऋतूत बागेवर चार बोटं खत पसरतात आणि हिवाळाभर गांडुळं ते ओढून खाली नेतात. गांडुळाला ओल लागते. आपल्या कोरडवाहू कपाशीत दिवाळीनंतर वर पसरलेलं खत तसंच वाळतं, त्याची पापडी बनते आणि पहिल्या वळवात बांधाकडे वाहून जातं. तिथे ते वखराने मातीआड करण्याला पर्याय नाही.

पण ठिबकवरच्या केळीत आणि पपईत ही पद्धत चालते. ड्रिपरखाली माती सदा ओली, वर केळीच्या पानांची सावली. तिथे कुजलेली लीद खोडापासून वीतभर सोडून पसरा, वर सुकी पानं टाका, आणि उन्हाळ्यात ती पानं हलवून खाली गांडुळं दिसतात का ते बघा. दिसली तर पुढच्या बागेला तोच क्रम ठेवा, नाही दिसली तर खत मातीत मिसळून द्या.